ओलं बी पेरावं का?

लाल पिकलेला टोमॅटो चिरला, गरातल्या बिया चाळणीत धुऊन घेतल्या आणि त्याच संध्याकाळी कुंडीत पेरल्या, तर त्या उगवतील का? परसात चार वाफे किंवा गच्चीत दहा कुंड्या असणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतो, कारण बी आधी खडखडीत वाळवायचं आणि मगच पेरायचं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलेलो असतो. उत्तर सरळ आहे. उगवतात. हवा उबदार असेल तर आठवडाभरात माती फोडून वर येतात. उकिरड्यावर फेकलेल्या सडक्या टोमॅटोतून दर पावसाळ्यात रोपं उगवतात, त्यांचं बी कुणी वाळवलेलं नसतं.

टोमॅटोचा हा अनुभव जसाच्या तसा दुसऱ्या भाज्यांना लावला की मात्र फसगत होते. बाजारातून आणलेल्या कोवळ्या काकडीचं बी ओलं पेरा नाहीतर महिनाभर वाळवून पेरा, ते उगवत नाही. कारलं वेलीवर केशरी होऊन उललं, त्यातलं बी चांगलं टणक असलं, तरी ताजं पेरल्यावर ते पुष्कळदा आठवडेच्या आठवडे मातीत तसंच पडून राहतं. आणि कोकमाचं बी किंवा आंब्याची कोय वाळवून ठेवली तर ती मरूनच जाते. बियाच्या आयुष्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी घडतात: ते पिकतं, त्याची सुप्तावस्था संपते आणि ते वाळतं. भाजीपाल्यात यातली पहिली गोष्ट जवळजवळ सगळं ठरवते, दुसरी काही पिकांपुरती आड येते आणि तिसरी बहुतांशी आपल्या साठवणीच्या सोयीची असते. माळ्याला हा फरक कळला की त्याचे बरेच हेलपाटे वाचतात.

फुलात फलधारणा झाली की बियाच्या आत गर्भ वाढू लागतो. सुरुवातीला बी म्हणजे जवळजवळ पाणीच असतं. पुढे झाडाकडून साखर येत राहते, तिचं पीठ, तेल आणि प्रथिनं यांत रूपांतर होतं, ती गर्भाभोवती किंवा गर्भाच्याच दलांमध्ये साठत जातात आणि तेवढ्या प्रमाणात पाणी कमी होतं. ज्या दिवशी झाडाकडून येणारा पुरवठा थांबतो, त्या दिवशी बी शरीराने पूर्ण झालेलं असतं. गंमत अशी की त्या वेळीही ते चांगलं ओलंच असतं. दाण्याच्या वजनाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त पाणीच असतं. टोमॅटोसारख्या रसाळ फळात तर ते शेवटपर्यंत ओल्या गरातच राहतं, कधी वाळतच नाही.

मग एवढ्या उबेत, एवढ्या पाण्यात असूनही ते फळाच्या आतच का उगवत नाही? टोमॅटोच्या प्रत्येक बीभोवती बुळबुळीत गराचं वेष्टण असतं. त्यातल्या आणि एकूण रसातल्या साखरेमुळे व क्षारांमुळे बीला पुरेसं पाणी ओढून घेता येत नाही. शिवाय ॲबसिसिक आम्ल नावाचं संप्रेरक उगवण रोखून धरतं. झाडाच्या शरीरात या संप्रेरकाची जोडी जिबरेलिनशी असते. जिबरेलिन कोंबाला पुढे ढकलतं आणि ॲबसिसिक आम्ल त्याला थांबवतं. जिबरेलिनचा शोध भातामुळे लागला. १९२६ साली एइची कुरोसावा हे जपानी शास्त्रज्ञ भाताची रोपं वेड्यासारखी उंच वाढून कोलमडण्याच्या एका रोगाचा अभ्यास करत होते. त्या रोगाची बुरशी जो पदार्थ सोडते त्यानेच रोपं उंच होतात, हे त्यांनी दाखवलं. तोच पदार्थ पुढे जिबरेलिन म्हणून ओळखला गेला. फळाच्या आत ॲबसिसिक आम्लाचा वरचष्मा असतो. फळ फार दिवस पडून राहिलं, अतिपिकलं, की तो सुटतो. म्हणूनच कधी कधी जुना टोमॅटो चिरल्यावर आत पांढरे, वळवळणाऱ्या दोऱ्यांसारखे कोंब दिसतात. लोक घाबरून ते फळ फेकून देतात. त्या अळ्या नसतात, आतल्या आत उगवलेली रोपं असतात, आणि ती अलगद मातीत लावली तर जगतातही.

टोमॅटोचं बी काढताना गर एक-दोन दिवस भांड्यात आंबवायची पद्धत आहे, तिचं कारणही हेच. आंबण्याने बुळबुळीत वेष्टण सुटतं, काही रोगजंतूही कमी होतात आणि चांगल्या बिया तळाशी बसतात. मात्र आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते भांडं चार दिवस विसरलं तर बिया भांड्यातच मोड धरतात, कारण त्यांना अडवणारं वेष्टण गेलेलं असतं आणि पाणी तर भोवती असतंच. ताज्या बिया लगेच पेरायच्या असतील तर आंबवण्याचीही गरज नाही. चाळणीत घेऊन नळाखाली बोटांनी चोळून धुतल्या तरी पुरे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. टोमॅटो आपण पिकल्यावर खातो. बाकीच्या बहुतेक फळभाज्या आपण कोवळ्या खातो. लगेच पेरून पाहणाऱ्यांची निराशा होते ती बहुतेक वेळा इथेच, आणि दोष मात्र ओलेपणाला दिला जातो. भेंडी फूल उमलल्यापासून पाच-सात दिवसांत तोडली जाते. तिचं बी तयार व्हायला महिनाभर तरी लागतो, तोवर भेंडी निबर, तपकिरी होऊन शिरांवर तडकू लागते. काकडी भाजीसाठी आठ-दहा दिवसांची तोडतात. बियासाठी ठेवलेली काकडी पाच-सहा आठवडे वेलीवर राहून पिवळी किंवा तांबूस होते, तिची साल जाड होते आणि कुणी ती कोशिंबिरीला घेणार नाही अशी दिसते. वांगं तर सर्वांत फसवं. कोवळ्या वांग्यातही बिया दिसतात, भरपूर दिसतात. पण त्या पांढुरक्या बिया म्हणजे नुसते सांगाडे. वांगं जांभळं असो की हिरवं, बियासाठी ते झाडावरच पिवळं-तपकिरी व्हावं लागतं, आणि त्याला फुलापासून साधारण ५० ते ६० दिवस लागतात. हिरव्या मिरचीचंही तसंच आहे. ती लाल होऊ द्यावी लागते. ढोबळी मिरची हिरवी असताना तिच्या बियांचा एवढा मोठा गोळा हाती येतो की पेरायचा मोह होतो, पण त्यातून उगवण फारच थोडी मिळते.

बी पिकलं की नाही हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. नखाने दाबलं आणि दुधाळ रस आला किंवा नख सहज रुतलं, तर ते कोवळं. टरफलाला त्या त्या पिकाचा पक्का रंग आला असेल आणि नख रुतत नसेल, तर ते जून. टोमॅटो आणि वांग्याच्या बिया पाण्यात टाकल्या तर भरलेल्या बुडतात आणि पोचट तरंगतात. भोपळावर्गातल्या ताज्या बियांना ही परीक्षा लावू नये, कारण त्यांतल्या चांगल्या बियाही तरंगू शकतात.

पिकण्याचं काम फळ तोडल्यावरही काही काळ चालू राहतं. लाल भोपळा वेलीवरून काढून महिनाभर घरात ठेवला तर आतलं बी आणखी भरतं. टोमॅटो, मिरची, वांगी, काकडी यांनाही आठवडा-दोन आठवडे सावलीत ठेवण्याचा फायदा होतो. वेलीवर किडीचा किंवा पावसाचा धोका असेल तेव्हा ही सवलत फार उपयोगी पडते, पण ती पूर्ण वाढलेल्या फळालाच. कोवळ्या काकडीला कपाटात ठेवून तिचं बी पिकत नाही.

पिकलेलं बी ताजं पेरूनही उगवलं नाही, तर ते सुप्तावस्थेत आहे असं समजावं. कारल्याचं बी हे याचं घरातलं उदाहरण. त्यावरचा लाल गर काढून, जाड टरफलाच्या टोकाला नखकटरने हलकी चीर देऊन, रात्रभर कोमट पाण्यात भिजवलं तरी ताज्यापेक्षा काही आठवडे ठेवलेलं बी अधिक खात्रीने उगवतं. करटुल्याचं बी तर महिनोन् महिने दाद देत नाही, म्हणून करटुली लावणारे शेतकरी बियापेक्षा कंदावर भरवसा ठेवतात. सूर्यफुलाचं नुकतंच काढलेलं बी साधारण महिना-दीड महिना उगवत नाही. बटाटा हे बी नव्हे, पण नियम तोच. काढणीनंतर दोन-अडीच महिने त्याचे डोळे फुटत नाहीत. पुणे जिल्ह्यातल्या सातगाव पठारावर खरिपात बटाट्याची लागवड होते, तिच्यासाठी उत्तरेकडचं, आधीच्या हंगामातलं, शीतगृहात ठेवलेलं बेणं आणलं जातं, त्यामागे हाही हिशेब आहे.

भुईमुगाने मात्र ही सुप्तावस्था काय किमतीची असते ते महाराष्ट्राला वेळोवेळी शिकवलं आहे. आपल्याकडच्या उपट्या वाणांना, म्हणजे एसबी-११ किंवा मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने तयार केलेल्या टीएजी-२४ सारख्यांना, ताज्या दाण्याची सुप्तावस्था जवळजवळ नसते. पसऱ्या वाणांना ती असते, काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत. उपट्या वाणाचं पीक पक्व झालं, काढणी चार दिवस लांबली आणि त्यात परतीचा पाऊस आला, की शेंगा जमिनीतच मोड धरतात. वेल उपटावा तर शेंगेतून हिरवे कोंब बाहेर आलेले. त्या शेतकऱ्याचं नुकसान शब्दांत सांगता येत नाही. ज्याचं बी वाळवल्याशिवाय उगवतं, ते आपल्याला विचारून उगवत नाही. दुसरी बाजूही आहे. उन्हाळी भुईमूग मे महिन्यात निघतो आणि खरिपाची पेरणी जूनमध्ये असते, तेव्हा हेच उपट्या वाणाचं बियाणं लगेच पेरता येतं, पसऱ्या वाणाचं येत नाही. म्हणून पैदासकारांना दोन-तीन आठवड्यांचीच सुप्तावस्था असलेले वाण हवे असतात: काढणीचा पाऊस टळण्यापुरती झोप, पुढच्या पेरणीआधी जाग. मूग, ज्वारी यांच्या कणसा-शेंगांतही पावसात मोड येतात ते याच कारणाने.

वाळण्याला उगवणीत काहीच काम नाही का? इथे मला थोडं सावध बोललं पाहिजे, कारण काही पिकांत आहे. १९८० च्या दशकात कॅनडातले डेरेक ब्यूली आणि ॲलिसन करमोड यांनी एरंडाच्या वाढत्या बियांवर प्रयोग केले. अर्धवट वाढलेलं बी बोंडातून काढून ओलंच ओल्या कागदावर ठेवलं तर ते उगवत नाही. तेच बी वाळवून पुन्हा भिजवलं तर उगवतं. म्हणजे तिथे वाळणं ही एक खूण ठरते. त्या खुणेवर बी अन्न साठवण्याचा कारभार बंद करतं आणि उगवण्याचा सुरू करतं. गहू, हरभरा, वाटाणा यांच्या पैदाशीत आज हीच गोष्ट वेळ वाचवण्यासाठी वापरतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये मांडलेल्या वेगवान पैदाशीच्या पद्धतीत रोपांना दिवसाचे २२ तास प्रकाश देतात, दाणा पूर्ण पिकायची वाट न पाहता काढतात, उबदार कोरड्या हवेत वाळवतात आणि लगेच पुन्हा पेरतात. अशा रीतीने गव्हाच्या वर्षाला सहा पिढ्यांपर्यंत घेता येतात. घरच्या बागेत याची गरज नाही. फळ झाडावर पुरतं पिकलं असेल तर भाजीच्या बीला ही खूण वेगळी द्यावी लागत नाही.

वाळवण्याचं खरं काम काळ ओलांडण्याचं आहे. पाणी कमी होऊ लागलं की बी काही खास प्रथिनं आणि साखरा तयार करतं. पेशीतलं पाणी जातं तशी ही साखर, गार झालेल्या पक्क्या पाकासारखी, काचेगत घट्ट होते आणि आतली प्रत्येक गोष्ट जागच्या जागी थांबते. श्वास जवळजवळ बंद, झीज जवळजवळ बंद. अमेरिकन बीजशास्त्रज्ञ जेम्स हॅरिंग्टन यांचा एक ढोबळ नियम बियाण्याच्या धंद्यात सगळ्यांना पाठ असतो: बीतला ओलावा एका टक्क्याने उतरला की त्याचं आयुष्य दुप्पट होतं आणि साठवणीचं तापमान पाच अंशांनी उतरलं की पुन्हा दुप्पट. हा नियम साधारण ५ ते १४ टक्के ओलाव्याच्या पट्ट्यात लागू पडतो. आपल्याकडे टोमॅटो-वांग्याचं प्रमाणित बी साध्या पिशवीत भरताना ओलावा ८ टक्क्यांवर असू नये असा दंडक आहे. इस्रायलमधल्या मसाडा किल्ल्याच्या उत्खननात सापडलेलं सुमारे २,००० वर्षांपूर्वीचं खजुराचं बी २००५ मध्ये उगवलं, ते त्या वाळवंटातल्या कोरडेपणामुळे. ओल्या मातीत ते एक पावसाळाही टिकलं नसतं.

आपल्या हवामानात भाजीचं बी तयार होतं तेव्हा बहुधा त्याच्या पेरणीचा हंगाम नसतो. खरिपातल्या भेंडीचं बी दिवाळीच्या सुमारास हाती येतं आणि थंडीत भेंडी नीट उगवत नाही. म्हणून वाळवून ठेवायचं. कांद्यात उलट आहे. डोंगळ्यांचं बी एप्रिल-मे मध्ये निघतं आणि खरिपाचं रोप टाकायला महिन्या-दोन महिन्यांत हवंच असतं. कांद्याचं बी वर्षभरात झपाट्याने नासतं, त्यामुळे नाशिककडचा शेतकरी त्याच वर्षीच्या ताज्या बियावर अडून बसतो, आणि ते बरोबरच आहे.

काही झाडांना हे काळ ओलांडणंच मंजूर नाही. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या ई. एच. रॉबर्ट्स यांनी १९७३ मध्ये बियांचे दोन गट मांडले: वाळवून टिकणाऱ्या आणि वाळवताच मरणाऱ्या. आंबा, फणस, कोकम, जांभूळ, कढीपत्ता, नारळ दुसऱ्या गटातले. कोकणातले रोपवाटिकावाले मे-जूनमध्ये रायवळ आंब्याच्या ताज्या कोयी गोळा करून लगेच मातीत घालतात आणि कोवळ्या रोपांवर हापूसची कोय कलमं बांधतात. त्या कोयी उन्हात वाळवून दिवाळीला पेरल्या तर एकही उगवणार नाही. कढीपत्त्याची काळी फळं हाती आली तर त्यांचा गर काढून त्याच आठवड्यात पेरावीत. भाज्यांमध्ये या टोकाचं उदाहरण म्हणजे चौचौ. त्याच्या फळात एकच बी असतं आणि ते फळातच उगवतं, म्हणून लावायचं ते अख्खं फळ.

लगेच पेरायचं ठरवलं तर एक गोष्ट विसरू नये. ओल्या बीला गर चिकटलेला राहिला की बुरशी त्यावर तुटून पडते आणि रोपं जमिनीलगत कुजून कोलमडतात. बी स्वच्छ धुवावं, भुसभुशीत निचऱ्याच्या मिश्रणात पाव इंच खोल टाकावं, माती ओलसर ठेवावी, चिखल करू नये. उरलेलं बी ठेवायचं असेल तर सावलीत, वाऱ्यावर, ताटात किंवा कापडावर पसरावं. दुपारच्या कडक उन्हात किंवा पत्र्यावर ते भाजून निघतं. भेंडी आणि घेवड्याचं बी फार खडखडीत झालं तर टरफल लवकर पाणी घेत नाही. असं बी रात्रभर भिजवून पेरावं.

आणखी एक. बाजारातला टोमॅटो किंवा मिरची बहुधा संकरित वाणाची असते. तिचं बी उगवेल, पण रोपं एकसारखी निघणार नाहीत, काही उंच, काही खुजी, काही कमी फळाची. गंमत म्हणून करायला हरकत नाही, पण वाण धरायचा असेल तर सरळ वाण लावावा: टोमॅटोचा पुसा रूबी, भेंडीचा परभणी क्रांती, राहुरी कृषी विद्यापीठाची हिमांगी काकडी किंवा तुमच्या गावात कुणाकडे पिढ्यान् पिढ्या असलेलं वांगं. काकडी, भोपळा, दुधी यांच्यात मधमाश्या परागांची सरमिसळ करतात, तेव्हा शेजारी दुसरा वाण असेल तर बी मिसळलेलं निघेल. आणि घरच्या बियाच्या दुधीचा तुकडा कडू लागला तर तो दुधी खाऊ नये, रसही काढू नये. त्यातला कडवटपणा विषारी असतो.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, ती अशाच घरोघरच्या गावरान वाणांचं बी जमवण्या-वाढवण्या-वाटण्याच्या कामासाठी. राखेत घोळून गाडग्यात किंवा सुक्या दुधीच्या भोपळ्यात बी ठेवण्याच्या आपल्या जुन्या पद्धतीमागे कोरडेपणा आणि किडीपासून राखण याच दोन गरजा होत्या. पण असं बी राखणाऱ्या बायकांचं खरं कसब त्याच्याही आधी दिसायचं: वेलीवरचं कोणतं फळ तोडायचं नाही, हे त्या हंगामाच्या सुरुवातीलाच ठरवत आणि त्याला चिंधी बांधून ठेवत.

या हंगामात तुमच्याही बागेत तेवढं करा. निरोगी रोपावरचं, सुरुवातीच्या बहरातलं एक चांगलं फळ निवडा, त्याला दोरा बांधा आणि घरातल्या सगळ्यांना ते तोडू नका म्हणून सांगा. पूर्ण पिकलं की त्यातलं अर्धं बी त्याच दिवशी धुऊन पेरा, अर्धं वाळवून वाण आणि तारीख लिहिलेल्या पुडीत ठेवा, आणि शेजाऱ्याला त्यातलं थोडं द्या.